असेसर येण्याआधी लॉफ्टची फळी उचलून ठेवा

पत्र : आम्ही २०१३ पासून इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये स्वतःच्या घरात राहतो. घर लाल विटांचे, रांगेतले, १९०५ च्या सुमाराचे आहे. पुण्यात सासूबाईंची तब्येत बरी नसते, म्हणून मुलांचे शाळेचे वर्ष संपले की आम्ही किमान दोन-तीन वर्षांसाठी परत जाणार आहोत. घर भाड्याने द्यावे की विकून मोकळे व्हावे, हे अजून ठरत नाही. घर घेताना मिळालेल्या ईपीसीवर (घराच्या ऊर्जा कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्रावर) 'ई' श्रेणी आणि ४१ हा आकडा आहे. त्यानंतर आम्ही मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवले, बॉयलर बदलला आणि लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, स्वतःच इन्सुलेशन (उष्णता रोखणारा थर) घालून वर फळ्या ठोकल्या. एजंट म्हणतो, आधी जाहिरात टाकू, ईपीसीचे नंतर बघू. यजमानांचे म्हणणे असे की आधी सगळ्या खिडक्या बदलू, म्हणजे श्रेणी आपोआप वाढेल. शिवाय आमच्या मंडळातले एक कुटुंब घर भाड्याने घ्यायला तयार आहे. जाहिरात न करता त्यांनाच दिले, तरी ईपीसी लागेल का? — एक वाचक, रेडिंग

सप्रेम नमस्कार. आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे : होय, लागेल. घर मंडळातल्या ओळखीच्या कुटुंबाला दिले काय किंवा अनोळखी माणसाला दिले काय, रीतसर जाहिरात केली काय किंवा व्हॉट्सॲपवरच्या एका निरोपाने सगळे जमले काय, इंग्लंड आणि वेल्समध्ये संपूर्ण घर भाड्याने देताना किंवा विकताना ऊर्जा कार्यक्षमतेचे वैध प्रमाणपत्र असणे आणि त्याची प्रत समोरच्याला विनामूल्य देणे हे घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपण त्याच घरात राहून एखादी खोली कोणाला दिली असती, तर ही अट लागू झाली नसती. आपण तर सगळे कुटुंब घेऊन पुण्याला निघाला आहात, त्यामुळे ती सवलत आपल्याला नाही. ओळखीतल्या व्यवहारात कागदपत्रे मागे पडतात आणि पुढे त्याच ओळखीत कटुता येते, असे मी बऱ्याचदा पाहिले आहे. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की ओळखीच्या कुटुंबाला तर प्रमाणपत्राची प्रत अनोळखी भाडेकरूच्याही आधी द्यावी.

आपल्याकडचे जुने प्रमाणपत्र आता चालणार नाही. ईपीसीची मुदत दहा वर्षांची असते आणि २०१३ मध्ये काढलेल्या प्रमाणपत्राची मुदत २०२३ मध्येच संपली. मध्यंतरी एखाद्या कामाच्या निमित्ताने, उदाहरणार्थ अनुदानाच्या चौकशीसाठी, घराची पुन्हा पाहणी झाली असेल तर नवे प्रमाणपत्र निघालेले असू शकते. सरकारी संकेतस्थळावरच्या ईपीसी नोंदवहीत आपला पोस्टकोड टाकून तेवढे तपासून घ्यावे. ही नोंदवही सर्वांसाठी खुली आहे आणि तिचा आणखी एक उपयोग बहुतेकांच्या लक्षात येत नाही : आपल्या रांगेतल्या शेजाऱ्यांच्या घरांची प्रमाणपत्रेही तिथे पाहायला मिळतात. एकाच बिल्डरने एकाच काळात बांधलेल्या, सारख्याच भिंती आणि सारखीच छपरे असलेल्या त्या घरांपैकी कोणाला 'डी' मिळाली, कोणाला 'ई' मिळाली आणि तपशिलाच्या तक्त्यात लॉफ्ट, भिंती व बॉयलर यांच्यापुढे काय लिहिले आहे, हे अर्धा तास बसून वाचले तर आपल्या घराचा अंदाज कोणत्याही एजंटापेक्षा आपल्यालाच जास्त चांगला येईल.

एजंटाचा सल्ला मात्र मानू नये. नियम असा आहे की घर बाजारात आणण्याआधी ईपीसी मागवलेले असले पाहिजे, ते सात दिवसांत हाती येईल असा सर्वतोपरी प्रयत्न केला पाहिजे, आणि तसा प्रयत्न करूनही ते मिळाले नाही तरच त्यापुढे आणखी २१ दिवसांची सवड मिळते. जाहिरातीत श्रेणी छापणे आवश्यक असते. घर बाजारात आणण्यापूर्वी ईपीसी मागवले गेले आहे याची खात्री करून घेण्याची जबाबदारी एजंटावरही आहे. त्यामुळे 'नंतर बघू' म्हणणारा एजंट आपल्याबरोबर स्वतःलाही अडचणीत आणतो. प्रमाणपत्र उपलब्ध करून न दिल्याचा दंड राहत्या घरांसाठी २०० पौंड आहे आणि तो ग्राहकसंरक्षणाचे काम पाहणारा ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभाग लावतो. रक्कम मोठी नाही, हे खरे. परंतु भाड्याच्या बाबतीत याहून जड असा दुसरा नियम आहे, आणि आपल्या ४१ या आकड्यामुळे मला काळजी वाटते ती त्याच नियमाची.

ईपीसीची पद्धत युरोपीय निर्देशानुसार २००७ मध्ये घरांच्या विक्रीसाठी सुरू झाली, २००८ च्या ऑक्टोबरपासून भाड्याच्या घरांना लागू झाली, आणि विक्रेत्याने द्यायच्या ज्या माहितीसंचाचा भाग म्हणून ती आली होती तो संच २०१० मध्ये बंद झाल्यावरही टिकून राहिली. भारतात फ्रिज किंवा एसी घेताना आपण त्यावरचे तारे मोजतो, तसे इथे घराला 'ए' पासून 'जी' पर्यंत अक्षर मिळते आणि त्या अक्षरामागे १ ते १०० या मोजपट्टीवरचा एक आकडा असतो. ९२ आणि त्यापुढे 'ए', ८१ ते ९१ 'बी', ६९ ते ८० 'सी', ५५ ते ६८ 'डी', ३९ ते ५४ 'ई', २१ ते ३८ 'एफ' आणि त्याखाली 'जी'. विक्रीसाठी कोणतीही किमान श्रेणी नाही. 'जी' श्रेणीचे घरही विकता येते, फक्त ती श्रेणी उघड सांगावी लागते. भाड्याला मात्र किमान 'ई' लागते. १ एप्रिल २०१८ पासून हा नियम नव्या करारांना आणि १ एप्रिल २०२० पासून चालू करारांनाही लागू आहे. 'एफ' किंवा 'जी' श्रेणीचे घर, सूट नोंदवून न घेता, भाड्याने दिले तर कौन्सिल (स्थानिक पालिका) एका घरामागे एकूण ५,००० पौंडांपर्यंत दंड करू शकते आणि नियमभंगाची नोंद जाहीरही करू शकते.

आता आपला ४१ हा आकडा पाहा. तो 'ई' च्या तळापासून अवघ्या दोन गुणांवर आहे. आपण नंतर घरात बऱ्याच सुधारणा केल्या असल्यामुळे नवा आकडा वरच जायला हवा, असे कोणालाही वाटेल, आणि घर वस्तुतः सुधारले आहे यात मलाही शंका नाही. परंतु ईपीसीच्या पाहणीत जे डोळ्यांना दिसते किंवा कागदाने सिद्ध होते, तेवढेच धरले जाते. बाकी सगळे घराच्या बांधकामाच्या काळावरून गृहीत धरतात, आणि १९०५ च्या घराबद्दलची गृहीतके फार कठोर आहेत. त्यातच गणिताची पद्धतही वेळोवेळी बदलत आली आहे. जून २०२५ पासून नवी आवृत्ती लागू झाली असून तिच्यात प्रत्येक खिडकीचे माप घेण्यासारखे अधिक बारकावे आले आहेत. त्यामुळे घरात एक वीटही न हलवता आकडा दोन-चार गुणांनी इकडेतिकडे होऊ शकतो. काठावर उभ्या असलेल्या घराला तेवढे पुरे होते.

म्हणून माझे मुख्य सांगणे हे की खिडक्यांसाठी पैसे मोजण्याआधी, आपण आजवर केलेली कामे असेसरला, म्हणजे घराची पाहणी करून ईपीसी देणाऱ्या माणसाला, दिसतील आणि सिद्ध होतील अशी व्यवस्था करा. ती पैशाने फारशी महाग नाही, पण तिला थोडा वेळ आणि शोधाशोध लागते, आणि पुण्याला जाण्याच्या धावपळीत नेमकी तीच राहून जाते.

सर्वांत आधी लॉफ्ट. आपण इन्सुलेशन घातले आणि वर फळ्या ठोकल्या, असे लिहिले आहे. असेसर खिळे काढत नाही, फळ्या उचकटत नाही आणि भिंतीला भोकही पाडत नाही. हॅचमधून, म्हणजे माळ्यावर जायच्या झडपेतून, डोके वर काढल्यावर त्याला सगळीकडे फक्त फळ्या दिसल्या आणि जाडी सांगणारा कागद हाती नसला, तर तो 'माहीत नाही' अशी नोंद करतो. एवढ्या जुन्या घराच्या बाबतीत 'माहीत नाही' याचा अर्थ गणितात 'इन्सुलेशन नाही' असाच होतो. छपरातून किती उष्णता निसटते हे मोजण्याचा एक गुणांक असतो, तो जितका लहान तितके चांगले. उघड्या लॉफ्टसाठी तो २.३ धरतात आणि २७० मिलिमीटर जाडीच्या इन्सुलेशनसाठी ०.१६. म्हणजे आपल्या डोक्यावर आज इन्सुलेशनच्या लोकरीचा जो जाड थर आहे, तो फळ्यांखाली झाकला गेल्यामुळे कागदावर नाहीसा होऊ शकतो. श्रेणीचा निकाल आपल्या घरात बहुधा इथेच लागेल.

त्यासाठी पाहणीच्या आधी हॅचपासून थोड्या लांबच्या, पण हात पोहोचेल अशा दोन जागी एकेक फळी स्क्रू काढून मोकळी करून ठेवा. असेसर तिथे पट्टी उभी धरून फोटो काढील आणि मोजलेली जाडी लिहील. ते करताना एक गोष्ट स्वतःही पाहून घ्या. जुन्या घरांतल्या लाकडी तुळया साधारण १०० मिलिमीटर उंचीच्या असतात. फळ्या थेट तुळयांवर ठोकल्या असतील, तर खालचा थर कितीही जाड आणला असला तरी तो दाबून १०० मिलिमीटरचाच झालेला असणार, आणि दाबलेली लोकर ऊबही कमी धरते. तसे आढळले तर फळ्या प्लॅस्टिकच्या पायांवर उचलून घेऊन खालचा थर २७० मिलिमीटरपर्यंत वाढवणे हे आपल्या घरातले सर्वांत फायद्याचे काम ठरेल. ते कारागिराकडून करून घेतले तर ३१ मार्च २०२७ पर्यंत इन्सुलेशनवर शून्य टक्के व्हॅट आहे. स्वतः दुकानातून गुंडाळे आणले तर ही सवलत मिळत नाही. शिवाय कारागिराच्या बिलावर घराचा पत्ता आणि थराची जाडी लिहून येते, म्हणजे पुढच्या वेळचा पुरावाही आपोआप तयार होतो. दुकानाच्या नुसत्या पावतीवर पत्ता नसतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून राहू नका. काम चालू असताना आपण मोबाइलवर काढलेले फोटोही असेसर ग्राह्य धरेलच असे नाही.

दुसरी बाब वाढवलेल्या स्वयंपाकघराची. मूळ घर आणि वाढीव भाग यांची नोंद असेसर स्वतंत्रपणे करतो आणि प्रत्येक भागाच्या भिंती, छप्पर व जमीन यांचा दर्जा त्या त्या भागाच्या बांधकामवर्षावरून ठरवतो. अलीकडे बांधलेल्या भागात त्या काळच्या बांधकाम नियमांप्रमाणे इन्सुलेशन आहे असे धरले जाते, आणि ते आपल्या फायद्याचे आहे. यासाठी कौन्सिलचे काम पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र शोधून ठेवा. बिल्डरने ते आपल्याला दिले नसेल, तर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाकडून त्याची प्रत मागवता येते. घर विकायचे ठरले तर खरेदीदाराचा सॉलिसिटर हाच कागद मागणार आहे. त्यामुळे ही धडपड कोणत्याही परिस्थितीत वाया जाणार नाही.

बॉयलरचे काम सोपे आहे. त्याच्यावरचे नाव आणि मॉडेल पाहून असेसर अधिकृत यादीतून त्याची कार्यक्षमता घेतो. मॉडेलचा क्रमांक पुसट झाला असेल किंवा झाकणामागे असेल, तर बॉयलरबरोबर आलेली पुस्तिका जवळ ठेवा, नाहीतर त्याच्या अंदाजे वयावरून सरासरी आकडा लावला जातो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट, वेळ लावायचा प्रोग्रामर आणि रेडिएटरच्या नळांवरचे, खोलीच्या तापमानानुसार आपोआप कमी-जास्त होणारे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह या तिन्हींची नोंद होते. एखाद्या वरच्या खोलीत जुनाच साधा व्हॉल्व्ह राहिला असेल, तर प्लंबर कधी तरी येणारच असेल त्याच फेरीत तो बदलून घ्यावा. जे दिवे अजून जुन्या पद्धतीचे असतील, ते एलईडी करून टाकावेत.

याच ओघात बैठकीच्या खोलीतल्या शेकोटीकडे पाहा. रेडिंगच्या आपल्यासारख्या घरांत बहुधा जुन्या चिमणीच्या जागी बसवलेला गॅस फायर किंवा भिंतीत पक्का केलेला विजेचा हीटर असतो, आणि तो गेल्या कित्येक हिवाळ्यांत कोणी लावलेलाही नसतो. तो वापरात असो वा नसो, पक्का बसवलेला असला की 'दुय्यम उष्णता' म्हणून मोजला जातो आणि गणितात घराची काही उष्णता त्याच्याकडून येते असे धरले जाते. जुना गॅस फायर अकार्यक्षम असतो आणि विजेचा हीटर महाग पडतो, म्हणून दोन्हींमुळे गुण जातात. आपल्याला तो नको असेल तर काढून घ्या; गॅस फायर असेल तर गॅस सेफ (गॅसच्या कामाची अधिकृत नोंदवही) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच. उघडी राहिलेली चिमणीही उष्णता पळवते आणि तिचीही नोंद होते. ती बंद करताना हवेची छोटी जाळी ठेवायला विसरू नका, कारण पूर्ण बुजवलेल्या चिमणीत ओल धरते.

इथे एक खुलासा आवश्यक वाटतो. पुष्कळांना असे वाटते की आपले गॅसचे बिल कमी येते म्हणजे श्रेणी चांगली मिळेल. तसे होत नाही, कारण आपण घर कसे वापरता याच्याशी ईपीसीला देणेघेणे नसते. प्रमाणित सवयींचे एक कुटुंब तिथे राहते, बैठकीची खोली २१ अंशांवर आणि उरलेले घर १८ अंशांच्या आसपास ठेवते, अशी कल्पना करून दर चौरस मीटरला ऊर्जेचा खर्च किती येईल, यावर आकडा बेतलेला असतो. तो खर्चावर बेतलेला असल्यामुळे गॅसपेक्षा महाग असलेली वीज तिथे मागे पडते. गॅस बॉयलर काढून प्रत्येक खोलीत विजेचे पॅनेल हीटर लावा, म्हणजे भाड्याच्या घरात दरवर्षी गॅसची तपासणी नको, असा सल्ला काही वेळा घरमालकांना दिला जातो. आपल्यालाही कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. श्रेणी खाली येईल आणि भाडेकरूचे बिल वर जाईल.

आता खिडक्या. आपल्या यजमानांची भावना मी समजू शकते, कारण थंडी अंगाला लागते ती खिडकीजवळ बसल्यावर. पण रांगेतल्या घराच्या दोन बाजू शेजाऱ्यांनी झाकलेल्या असतात, खिडक्यांचे क्षेत्रफळ छप्पर आणि भिंतींच्या मानाने थोडे असते, आणि सगळ्या खिडक्या बदलण्याच्या खर्चाच्या मानाने वाढणारे गुण निराश करणारे असतात. खिडक्यांवर इन्सुलेशनसारखी शून्य व्हॅटची सवलतही नाही. जुने डबल ग्लेझिंग (दुहेरी काचा) आधीच असेल आणि ते कधी बसवले याचे फेन्सा (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी योजना) प्रमाणपत्र सापडले, तर तेच असेसरला दाखवा. त्याने कदाचित फुकटात एखादा गुण पदरात पडेल. चौकटी कुजल्या असतील, पाणी आत येत असेल, तर खिडक्या अवश्य बदलाव्यात, पण ते घराच्या देखभालीचे काम समजून. श्रेणी वाढवण्याचा उपाय म्हणून नव्हे.

भिंतींचे काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, परंतु प्रमाणपत्रावरच्या शिफारशींत तो बहुधा ठळकपणे येईल. आपल्या समोरच्या भिंतीवरच्या विटा नीट पाहा. लांब वीट आणि तिच्या शेजारी विटेचे आखूड तोंड अशी जोडी ओळीने दिसत असेल, तर ती नऊ इंचांची भरीव भिंत आहे, मध्ये पोकळी नाही, आणि पोकळीत भरण्याचा स्वस्त उपाय तिला लागू पडत नाही. अशा भिंतीला आतून किंवा बाहेरून थर द्यावा लागतो. तो खर्चिक असतो, आतून दिला तर खोल्या लहान होतात, आणि निष्काळजीपणे दिला तर ओल भिंतीत अडकून बुरशी येते. परदेशी जाण्याच्या तोंडावर, लक्ष ठेवायला आपण इथे नसताना, हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा नीट चालतो ना, ते पाहा. फटी बुजवलेल्या घरात रोजचा कुकर, फोडणी आणि हिवाळ्यात रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे यांची वाफ कुठेतरी जायला हवी, आणि ती गेली नाही तर पहिल्याच हिवाळ्यात कपाटामागची भिंत काळी पडते.

एवढे करूनही आकडा ३९ च्या खाली आला तर काय? तसे होणार नाही असे मला वाटते, पण झालेच तर घाबरू नका. भाड्याने देण्यासाठी मालकाने शिफारस केलेल्या कामांवर व्हॅटसह ३,५०० पौंडांपर्यंत खर्च करावा, एवढीच कायद्याची अपेक्षा आहे. त्या मर्यादेत 'ई' गाठता आली नाही, तर कोटेशने जोडून सूट नोंदवता येते. ही सूट पाच वर्षे टिकते, पण घर विकले की नव्या मालकाला ती मिळत नाही.

भाडे की विक्री, या मोठ्या निर्णयाबद्दल मी फक्त ईपीसीच्या अंगाने बोलते. दोन्हींसाठी एकच प्रमाणपत्र चालते, त्यामुळे निर्णय झाला नसला तरी ते काढायला हरकत नाही. मात्र भाड्याच्या घरांसाठीची किमान श्रेणी २०३० मध्ये 'सी' करण्याचे धोरण सरकारने जाहीर केले आहे. आपण खरोखर दोन-तीन वर्षांनी परत येणार असाल, तर भाड्याने देण्यात या बाजूने मला अडचण दिसत नाही. पण मनातून परत येण्याची शक्यता कमी वाटत असेल आणि घर पुढे वर्षानुवर्षे भाड्यावर ठेवण्याचा विचार असेल, तर श्रेणी 'सी' पर्यंत नेताना भरीव भिंतींचा प्रश्न टाळता येणार नाही, आणि तो पुण्यात बसून सोडवावा लागेल. हा खर्च आजच हिशेबात धरून मगच दोघांनी बसून ठरवावे. विकायचे ठरले तर भिंतींचे काम खरेदीदारावर सोडणे उत्तम. तो प्रमाणपत्रातल्या शिफारशी दाखवून किमतीत घासाघीस करील, ते गृहीत धरा. पण राहत्या माणसाने आपल्या सोयीने केलेले ते काम विक्रीसाठी घाईने उरकलेल्या कामापेक्षा बरेच चांगले होते.

असेसर निवडताना सरकारी संकेतस्थळावरच्या यादीतून मान्यताप्राप्त माणूस स्वतः शोधा. एजंटामार्फत घेतला तर मध्ये त्याचे पैसे वाढतात. अशा घरासाठी साधारण ६० ते १२० पौंडांच्या दरम्यान शुल्क पडते. फोनवर त्याला दोन गोष्टी विचारा : लॉफ्टमध्ये मोकळी केलेली फळी तो पाहील ना, आणि प्रमाणपत्र नोंदवण्याआधी आकड्याचा अंदाज सांगेल का. एकदा नोंदलेले प्रमाणपत्र सर्वांना दिसते, म्हणून काठावरच्या घराच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाहणीला तासभर लागतो. त्या दिवशी लॉफ्टची शिडी लावलेली असावी, बॉयलरपुढचा पसारा हलवलेला असावा, कुलूपबंद खोली नसावी, आणि सगळे कागद एका फाइलमध्ये स्वयंपाकघरातल्या ओट्यावर असावेत. असेसर समोर आल्यावर हा इथे वाढीव भाग, ही त्याची कागदपत्रे, ही लॉफ्टची जाडी, असे एकदा स्वच्छ सांगा. आपण सांगितले नाही तर त्याला कळायला दुसरा मार्ग नाही.

ही सगळी खटपट केवळ एका अक्षरासाठी नाही, हेही मनापासून सांगावेसे वाटते. आपल्या घरात उद्या जे कुटुंब येईल, ते कदाचित भारतातून नुकतेच आलेले असेल, इथला पहिला हिवाळा काढत असेल, आणि गॅसचे बिल पाहून लहान मुलाच्या खोलीतला रेडिएटर बंद ठेवत असेल. लॉफ्टमधल्या थराची जाडी त्या कुटुंबाच्या रोजच्या जगण्यात उतरते. आपण या घरात राहिलात, तिथली थंडी आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे आपल्याला वेगळे समजवायला नको.

प्रमाणपत्र हाती आले की त्याच दिवशी तपशिलाचा तक्ता ओळ न ओळ वाचा. भिंतीचा प्रकार, लॉफ्टची जाडी, वाढीव भाग, बॉयलर आणि दुय्यम उष्णता या पाच नोंदी बरोबर आहेत ना, ते पाहा. 'गृहीत धरले' असा शेरा जिथे दिसेल तिथे आपला पुरावा पोहोचलेला नाही, असे समजा. चूक आढळली तर आधी असेसरला लेखी कळवा, आणि त्याने दाद दिली नाही तर प्रमाणपत्रावरच नाव छापलेल्या त्याच्या मान्यता संस्थेकडे तक्रार करा. दुरुस्त प्रमाणपत्र नोंदवता येते. हे सारे इथे असतानाच उरका, कारण पुण्यातून लॉफ्टची फळी उचलून दाखवता येणार नाही. भाड्याने देणार असाल तर गॅसची वार्षिक तपासणी आणि दर पाच वर्षांनी होणारी विजेच्या वायरिंगची तपासणी ही दोन्ही प्रमाणपत्रे स्वतंत्र आहेत. ईपीसी असले म्हणून ती टळत नाहीत. मंडळातल्या त्या कुटुंबाला घर पाहायला बोलवाल तेव्हा ईपीसी दाखवा, आणि करारावर सही होण्यापूर्वी तिन्ही कागदांच्या प्रती ईमेलने पाठवा, म्हणजे कोणत्या तारखेला काय दिले याची नोंद आपल्याकडेही राहील आणि त्यांच्याकडेही.